तिच्या वाट्याचं बटण

व्हिडिओ गेममधली बाई कशी दाखवली आहे, हा वाद बहुतेक वेळा तिच्या कपड्यांपाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो. कपडे महत्त्वाचे आहेतच. पण गेममधलं पात्र नुसतं बघायचं नसतं, ते चालवायचं असतं. म्हणून माझ्या मते आधी बटणं बघावीत. बटण दाबल्यावर ती काय करते? धावते, चढते, उचलते, मारते, सौदा करते? की बटणं सगळी दुसऱ्याच्या हाती आणि ती कुठल्या तरी किल्ल्यात बसून सुटकेची वाट बघते? एखाद्या गेमनं बाईला कितीही अंगभर कपडे घातले आणि करायला काहीच दिलं नाही, तर ती शोभेची वस्तूच राहते.

हा विषय शहरातल्या गेमिंग कॅफेंपुरता आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं यवतमाळ-वाशिमकडच्या कुठल्याही गावात संध्याकाळी चक्कर मारावी. पानठेल्यामागं, एसटीच्या थांब्यावर, शाळेच्या ओट्यावर फोनात माना खाली घातलेले चार पोट्टे हमखास सापडतील. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइल या गोळीबाराच्या खेळावर बंदी आली, तो खेळ जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावानं परत आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच धर्तीच्या फ्री फायरवर बंदी आली, तरी फ्री फायर मॅक्स चालू राहिला. गावात फ्री फायर रुजला त्याचं कारण साधं आहे: कमी रॅमच्या, तीन-चार वर्षं वापरलेल्या फोनवरही तो चालतो. आपल्या गावातल्या मुलामुलींना बाई ‘नायिका’ म्हणून सगळ्यात जास्त वेळा कुठं दिसत असेल, तर ती या पाच-सहा इंची पडद्यावर.

मुलींना मात्र तो पडदा उसना मिळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ग्रामीण भारतातल्या ४६.६ टक्के बायकांनी सांगितलं, की आपण स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे आहे. यात साधे बटणांचे फोनही आले. म्हणजे निम्म्याहून जास्त बायकांकडे तोही नाही. पोरगी खेळते ती भावाच्या फोनवर, भावाच्या आयडीवर, भाऊ जेवायला बसला तेवढ्या वेळात. आणि कठीण जागा आली, की मागून हात येतो: "तुले नाई समजत, दे इकडे." खेळाचं कौशल्य वेळेतून येतं. ज्याच्या हातात रोज दोन तास फोन आहे आणि जिच्या हातात पंधरा मिनिटं, त्या दोघांची तुलना करून ‘पोरींना गेम जमत नाही’ म्हणणं सरळ अन्याय आहे.

आता जरा मागं जाऊ. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये पॉलीन वर माकडाच्या ताब्यात उभी असते. तिचं काम हात हलवून मदत मागण्याचं. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये राजकन्या आठव्या जगाच्या शेवटी भेटते. त्याआधीच्या सातही किल्ल्यांत टोड नावाचा तिचा एक सेवक भेटतो आणि राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात असल्याचं सांगतो. रंगीत टीव्हीला जोडायच्या त्या स्वस्त व्हिडिओ गेमच्या डब्यावर, पिवळ्या ‘कॅसेट’ टाकून, हा खेळ आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतही एका पिढीनं घासून घासून खेळला. त्या पिढीच्या बोटांत हेच बसलं: पुरुष चालतो, बाई शेवटी मिळते. मिस पॅक-मॅननं १९८२ मध्ये बाईला मुख्य जागा दिली, पण ती बाई आहे हे सांगण्यासाठी गोल तोंडावर रिबन, लिपस्टिक आणि तीळ लावला. पुरुष पॅक-मॅनला मात्र पुरुषपणाची एकही खूण लागली नव्हती. नुसतं तोंड म्हणजे पुरुष, आणि बाई म्हणजे तोंड अधिक शृंगार. हा हिशेब आजही बहुतेक ठिकाणी तसाच चालू आहे.

१९८६ च्या मेट्रॉइडचं उदाहरण कौतुकानं दिलं जातं. अवघड खेळ, चिलखतातला योद्धा, आणि शेवटी कळतं की समस अॅरन ही बाई आहे. कौतुक रास्तच आहे, कारण पूर्ण खेळभर उडी, गोळी, गोल होऊन बोगद्यातून जाणं, सगळी बटणं तिचीच. पण त्याच खेळाचा शेवट बघा: खेळणारा जितक्या लवकर खेळ संपवेल तितके तिच्या अंगावर कपडे कमी. एका तासाच्या आत संपवला तर बिकिनी. म्हणजे खेळभर जी स्वतः करणारी होती, तीच शेवटच्या पडद्यावर खेळणाऱ्याचं बक्षीस झाली.

राजकन्या पीचची गोष्ट यापेक्षाही बोलकी आहे. १९८८ च्या सुपर मारिओ ब्रदर्स २ मध्ये चार पात्रांतून एक निवडायचं असे आणि त्यात ती होती. तिला एक वेगळी क्षमता होती, उडी मारल्यावर थोडा वेळ हवेत तरंगण्याची. खड्डा रुंद असला, उडीचा अंदाज चुकला, तरी ती सांभाळून घेते. म्हणून नवशिके तिला आवर्जून घ्यायचे. फ्रॉक गुलाबीच होता, मुकुटही होता, पण ती उपयोगाची होती. त्यानंतर २००५ मध्ये तिच्या स्वतःच्या नावाचा सुपर प्रिन्सेस पीच हा खेळ आला. आता मारिओ पकडलेला आणि ती सोडवणारी. वरवर पाहता भूमिका बरोबर उलटल्या. पण बटणं बघा: तिच्या शक्ती म्हणजे आनंद, राग, दुःख आणि शांतपणा. दुःखाचं बटण दाबलं की ती रडते. अश्रूंनी आग विझते, रोपं वाढतात. पुरुषाला सोडवायला निघालेल्या बाईच्या हाती दिलं काय, तर मनाचे चढउतार. गुलाबी फ्रॉकवर टीका करणारे पुष्कळ भेटतात, या बटणांवर बोलणारे थोडे. मला हे दुसरं जास्त गंभीर वाटतं.

स्ट्रीट फायटर २ मध्ये (१९९१) निवडता येणाऱ्या आठ लढवय्यांत चुन-ली ही एकटी बाई. १९९६ च्या टूम्ब रेडरमधली लारा क्रॉफ्ट चढायची, पोहायची, कोडी सोडवायची, आणि जाहिरातींत फक्त तिची अंगलट दिसायची. तिला घडवणारा टोबी गार्ड पुढच्याच वर्षी कंपनी सोडून गेला, त्यामागं तिचा बाजार कसा मांडला जातोय याबद्दलची नाराजीही होती. २०१३ च्या नव्या टूम्ब रेडरमध्ये तिचं शरीर माणसासारखं झालं. पुढं २०१७ च्या होरायझन झीरो डॉनमधली एलॉय आली, २०२० च्या द लास्ट ऑफ अस भाग दोनमधली दणकट दंडांची ॲबी आली, आणि ॲबीच्या दंडांवरून जगभरच्या पुरुषांनी जो गदारोळ केला त्यावरून किती वाट बाकी आहे हेही दिसलं.

२०१४ चा एक प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण त्यात खेळ बनवण्याची आतली बाजू उघडी पडते. असॅसिन्स क्रीड युनिटीमध्ये चौघांनी मिळून खेळायची सोय होती आणि चारही पात्रं पुरुष. बाई का नाही, असं विचारल्यावर खेळ बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीकडून उत्तर आलं, की तिच्यासाठी हालचाली दुप्पट, आवाज दुप्पट, काम दुप्पट. आठ हजारांवर हालचाली नव्यानं कराव्या लागतील. त्याच मालिकेवर आधी काम केलेल्या जोनाथन कूपर या अनुभवी ॲनिमेटरनं जाहीरपणे सांगितलं, की आपल्या अंदाजानं हे एक-दोन दिवसांचं काम आहे. याच मालिकेतल्या २०१२ च्या लिबरेशनमधली नायिका अव्हेलीन ही कॉनर या पुरुष पात्राच्याच बऱ्याचशा हालचाली वापरत होती, हेही त्यानं दाखवून दिलं.

दोघांत इतकी तफावत का? गेममधल्या पात्राच्या कातडीखाली हाडांचा सांगाडा असतो: कंबर, पाठीचे दोन-तीन मणके, मान, डोकं, हात, पाय, बोटं. तयार पात्रं आणि हालचाली देणाऱ्या मिक्सामोसारख्या फुकट सेवेतला ठरावीक सांगाडा ६५ सांध्यांचा आहे. हालचाल म्हणजे प्रत्येक हाड किती अंशात वळलं याची नोंद. हाडांची रचना सारखी असेल तर एका पात्राची नोंद दुसऱ्यावर बसवता येते. याला रिटार्गेटिंग म्हणतात आणि गोडोसारख्या गेम बनवायच्या फुकट इंजिनातही ते होतं. बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. खांदे अरुंद झाले की कमरेवर ठेवलेला हात पोटात घुसतो. पाय आखूड झाले की पाऊल जमिनीवर घसरतं. बंदूक धरलेले दोन हात एकमेकांपासून सुटतात. हे दुरुस्त करायला आयके लावायचं, म्हणजे तळवा कुठं टेकायचा ते आधी ठरवून कोपर-खांदा त्यामागं ओढायचा. काम आहेच, पण आठ हजार हालचालींचं नाही.

सांगाडा सामायिक ठेवल्याचा एक अनपेक्षित फायदाही झालाय. २०१० च्या मास इफेक्ट २ मध्ये मुख्य पात्र, कमांडर शेपर्ड, बाई निवडली आणि तिला ड्रेस घातला, तर ती सोफ्यावर गुडघे फाकून बसते, कारण बसण्याची हालचाल पुरुष शेपर्डची. लोक त्याला चूक म्हणतात, आणि ती चूकच आहे. पण त्याच सामायिकपणामुळं ती कमांडरसारखी चालते, तिला तेच संवाद, तेच हुकूम, तेच निर्णय मिळतात. जेनिफर हेलच्या आवाजातली ही शेपर्ड कित्येकांना पुरुष शेपर्डपेक्षा जवळची वाटते. तिच्यासाठी मुद्दाम ‘बायकी’ काही बनवायला कुणाला सवड झाली नाही, हे तिच्या पथ्यावर पडलं. याउलट तयार हालचालींच्या साठ्यात बाईसाठी शोधायला गेलात, तर पहिल्यांदा हाती लागतात त्या कॅटवॉकच्या चाली. घाई झाली की हाताला येईल ते उचललं जातं, आणि साचा असाच शिरतो. तो दरवेळी दुष्टपणानं आणलेला असतोच असं नाही.

फोनवरच्या खेळांकडे याच नजरेनं बघितलं तर न्यायानं बोलायला हवं. फ्री फायरमधली केली जोरात धावते, मोको हॅकर आहे, पलोमा जास्तीच्या गोळ्या वाहते. ऑलिव्हिया परिचारिका आणि कपेला गायिका, दोघींचं कौशल्य बरं करण्याशी जोडलेलं, हा जुना साचा. पण अलोक हा पुरुषही सोबत्यांना बरं करतो. बटणांच्या बाबतीत हा खेळ वाटतो तितका वाईट नाही. अडचण लॉबीत आणि दुकानात आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी पात्र जिथं उभं असतं तिथं पुरुष दोन्ही पायांवर भार टाकून, बाई एका कमरेवर. आणि दुकानातले बंडल, म्हणजे कपड्यांचे संच, बघा: पुरुषाच्या कपड्यांत चिलखत वाढत जातं, बाईच्या कपड्यांत कापड कमी होत जातं. छातीवर दोन वेगळे उभार ठोकलेलं चिलखत तर मुळात चिलखत म्हणूनच चुकीचं; वार बाहेर सरकवायचा सोडून ते मधल्या हाडाकडे वळवतं. घरात पोरगी खेळत असेल तर पहिल्या दहा मिनिटांत पारखता येतं: तेच चिलखत दोन्ही शरीरांवर चढवून बघावं, मार लागल्यावर आवाज वेदनेचा येतो की भलताच, ते कान देऊन ऐकावं.

माइकचा प्रश्न वेगळाच आहे. मुलीचा आवाज ऐकला की अनोळखी सोबत्यांपैकी कुणी घाण बोलतो, कुणी नंबर मागतो, म्हणून बहुतेक पोरी माइक बंदच ठेवतात. त्यानं खेळात तोटा होतो, कारण पावलांचा आवाज कुठून आला हे सांगता येत नाही. उपाय आहेत: स्पीकर आणि माइक दोन्ही ‘टीम’वर ठेवायचे, ‘ऑल’ कायम बंद, शत्रू दिसला की नकाशावर मार्कर टाकायचा, तयार संदेशांची यादी आपल्या क्रमानं लावून ठेवायची, आणि शक्य तर गावातल्याच चार मैत्रिणींची टीम करायची, म्हणजे माइक मोकळा राहतो. त्रास देणाऱ्याला लगेच म्यूट करून सामना संपल्यावर रिपोर्ट करावं. बोलाचाली करत बसू नये.

आपल्या मातीतली नायिका होऊ शकते का, याचं एक उत्तर पुण्यातून आलं आहे. नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी: ॲन एन्शंट एपिक हा खेळ २०२० मध्ये आला. राजी सर्कशीतली पोरगी. धाकटा भाऊ गोलू याला राक्षस पळवून नेतात आणि बहीण त्याला सोडवायला निघते. दुर्गेकडून त्रिशूळ मिळतो, विष्णूकडून धनुष्य. भिंतीवरून धावणं, खांबाभोवती गिरकी घेऊन वार करणं, हे सगळं तिच्या कामातून आलेलं आहे. अंग असं का वळतं, याचं कारण तिच्या पेशात आहे. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

मग वऱ्हाडातल्या बाईचा पेशा घ्या. कापूस वेचणारी, पंचेचाळीस-पन्नासची. या वयाची नायिका गेममध्ये क्वचितच सापडते. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला दुपट्टा, कमरेला ओटी, म्हणजे वेचलेला कापूस ठेवायची झोळी. साध्या फोनवर चालवायचं तर आकृती (ती छोट्या त्रिकोणांची बनलेली असते) दहा हजार त्रिकोणांच्या आत ठेवावी. काष्ट्याची नऊवारी असेल तर काम सोपं: कापड दोन पायांत विभागलेलं असल्यानं मांड्यांच्या हाडांना पँटसारखं बांधता येतं. सहावारी अवघड. दोन पायांमध्ये कापडाचा पडदा असतो, आणि पुरुषाची धाव तशीच चढवली की गुडघे निऱ्यांतून बाहेर येतात. घेराला सात-आठ जादा हाडांच्या साखळ्या लावाव्यात, कापड मांडीत घुसू नये म्हणून मांड्यांभोवती कॅप्सूलच्या आकाराची अदृश्य टक्कर-सीमा द्यावी आणि पाऊल आखूड करावं. कापडाची प्रत्येक घडी-हालचाल गणितानं काढणं, म्हणजे पूर्ण सिम्युलेशन, स्वस्त फोनला झेपत नाही.

उभं राहण्याची हालचाल तयार साठ्यातून घेऊच नये. ही बाई पाय थोडे फाकून उभी राहते आणि आठ-दहा सेकंदांनी एकदा हात पाठीमागं कमरेवर जातो. चालीच्या दोन नोंदी कराव्यात, रिकाम्या ओटीची आणि भरल्या ओटीची. भरली की वजन पुढं येतं, पाठ किंचित मागं जाते, पावलं आखूड होतात. ओटीतला कापूस शून्य ते पाच किलो धरून त्या आकड्यानं दोन्ही चाली मिसळाव्यात. डोक्यावर गाठोडं घेतलं की मानेचं हाड जवळजवळ बांधून टाकावं. मग बाजूला बघायचं तर सगळं अंग वळवावं लागतं, आणि पायाखालचं दिसत नाही. धुरा, म्हणजे वावराचा बांध, ओलांडणं हाच मग खेळातला अवघड क्षण होतो.

वेचणं हे खरं बटण. पूर्ण उमललेल्या बोंडात चार-पाच पाकळ्या असतात आणि सराईत बोटं त्या एका हिसड्यात काढतात, दोन हात दोन वेगळ्या बोंडांवर. घाई केली तर वाळलेला पाला सोबत येतो आणि मालाची प्रत उतरते. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळी काढायची. बोंडाची वाळलेली टोकं नखांशी टोचतात, म्हणून तासाभरानं वेग उतरला पाहिजे आणि बोटांना चिंधी बांधायचा पर्याय असला पाहिजे.

इथं कॅमेऱ्याची मोठी चूक होते. खेळांत कॅमेरा सहसा पात्राच्या मागं असतो, आणि ही बाई दिवसभर वाकलेली. काहीही वाईट हेतू नसताना खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तिचा पार्श्वभाग येत राहील. पाठ चाळीस अंशांपुढं वाकली की कॅमेरा आपोआप बाजूला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळीच्या पलीकडे, तिच्या हातांच्या उंचीवर गेला पाहिजे. खेळ तिथंच घडतो, बोटांत.

आणि कथा लिहिताना तिला आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवा करून टाकू नये. ते दुःख खरं आहे, इथल्या घराघरांत आहे. पण बाहेरच्याला विदर्भातली बाई म्हटलं की तेवढंच सुचतं, आणि मग तिच्या हाती पुन्हा रडण्याचंच बटण येतं. तिला सौदा करू द्या. सकाळी वावरात उतरायच्या आधी किलोमागचा भाव ठरतो. टोळीत किती बायका आहेत, पहिला वेचा आहे की शेवटचा, यावर तो हलतो. शेवटच्या वेच्याला झाडावर कापूस कमी, म्हणून भाव जास्त मागायचा. नाही जमलं तर दुसऱ्या वावरात जायचा पर्याय हवा. संध्याकाळी वजनकाट्यापाशी तिनं स्वतः आकडा बघायचा. हे बटण न दाबता ती पुढं गेली तर समोरचा सांगेल ते वजन धरलं जाईल. तिला वाचता येत नसेल तर मुलीला बोलावता यावं.

तयार झालेला खेळ वेचणाऱ्या बायकांच्याच हाती द्यावा, सावलीत नाही, उन्हात, म्हणजे पडद्यावरचे रंग टिकतात का ते कळेल. काम करून कोरड्या, भेगाळलेल्या बोटांची नोंद टचस्क्रीन नीट घेत नाही. बटणं सेंटिमीटरभर रुंद ठेवावीत, बोट ओढत नेण्याची क्रिया टाळावी, सूचना वऱ्हाडीत बोलून द्याव्यात. शेजारी कुणी पोट्टा बसू देऊ नये, तो फोन हातातून घेतोच. दहा मिनिटं काही न शिकवता नुसतं बघावं. ओटीची गाठ चुकीच्या बाजूला बांधली आहे, एवढी पऱ्हाटी या महिन्यात हिरवी नसते, अशा गोष्टी त्या लगेच सांगतील; त्या जशाच्या तशा लिहून घ्याव्यात आणि पुढच्या आठवड्यात दुरुस्त करून पुन्हा दाखवायला जावं.